अण्णांची फियाट चालती ठेव

पुणे,
12 जानेवारी

प्रिय विजू,

सप्रेम नमस्कार. अण्णांची फियाट ठेवायची की काढायची, असं तू परवा फोनवर विचारलंस. तेव्हा मी 'पत्रानं कळवतो' म्हणालो, कारण फोनवर नुसतं 'ठेव रे' एवढंच झालं असतं.

गाडी ठेव. पण शेडमध्ये कव्हर घालून ठेवायची असेल, तर एखाद्या चालवणाऱ्याला देऊन टाक. पद्मिनी, म्हणजे आपली ही फियाटच, चालून झिजते त्याहून जास्त उभी राहून खराब होते. अण्णा गेल्यापासून ती उभी आहे, म्हणजे आत काय चाललंय ते ऐक. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, त्यामुळे चाकांतले ब्रेक दाबणारे व्हील सिलिंडर आतून गंजतात आणि पिस्टन जाम होतात. चारही चाकांना ड्रम ब्रेक, पायाचा जोर वाढवून देणारा सर्वो नाही, म्हणजे जे काही थांबणं आहे ते पायाच्या जोरावर आणि त्या छोट्या रबरी वॉशरांवर. म्हणून इंजिनाच्या आधी ब्रेक. चारही चाकांच्या व्हील सिलिंडरची किट बदलून घे, पेडलजवळचा मास्टर सिलिंडर उघडून बघ, होज पाइप नवे टाक. इथे पैसे वाचवू नकोस.

पेट्रोलचं दुखणं वेगळं आहे. 1978 साली कुर्ल्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडली, तेव्हा पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असेल असा विचार कुणी केलेला नव्हता. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, पाणी ओढून घेतं, आणि गाडी महिनोन् महिने उभी असली की ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं. कार्ब्युरेटर उघडलास की आत पांढरी भुकटी दिसेल, ती त्याचीच. टाकी पूर्ण रिकामी कर, पेट्रोलच्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घे, पंपाचा डायफ्रॅम बदल. कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, साफ करताना कुणी तार घालू लागला तर हात धर त्याचा. भोक केसभर मोठं झालं तरी गाडी पेट्रोल पिऊ लागते. जेट फक्त हवेनं फुंकायचे.

हे सगळं पुस्तकातूनही कळेल. नाना पेठेत फिरलं की किट, पॉइंट, कंडेन्सर अजून मिळतात, आणि नाहीच मिळालं तर लेथवर करून घेता येतं. माझी काळजी पार्टची नाहीच. काळजी हातांची आहे.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून 30 ऑक्टोबर 2023 पासून रस्त्यावर एकही राहिली नाही. बातम्यांत लोकांनी काळ्या-पिवळ्या रंगाच्या आठवणी काढल्या. मला मात्र आठवले ते मिस्त्री. त्या टॅक्सी होत्या तोवर रोज कुणाचा ना कुणाचा क्लच बसायचा, हेड उतरायचं, किंग पिन ठोकून निघायची. ते रोजचं काम गेलं, आणि मुलं आता लॅपटॉप लावून गाड्या बघतात.

माझ्या गाडीचं टायमिंग, म्हणजे प्लगला ठिणगी नेमकी कधी मिळायची ते, आमचे मिस्त्री चाचा कसं लावतात सांगतो. बारा व्होल्टचा एक बल्ब, त्याला दोन वायरी. एक टोक डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डब्याच्या वायरीला, दुसरं बॉडीला. किल्ली चालू करायची, पुलीवरची खूण जुळवायची, आणि डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवायचा. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडतात त्या क्षणी बल्ब पेटतो, कारण त्याच क्षणी कॉइलचा प्रवाह तुटतो आणि प्लगला ठिणगी मिळते. तिथे बोल्ट आवळायचा. एवढं मलाही जमतं. पण मग चाचा गाडी चालू करतात, कान बॉनेटकडे करतात आणि डिस्ट्रिब्युटर आणखी जरासा सरकवतात, नखाएवढा. चढावर टॉप गिअरमध्ये इंजिन ठकठक आवाज करतं का, तेही स्वतः बसून ऐकतात. ते जरासं किती, हे मी त्यांच्याजवळ उभा राहून शिकतोय आणि अजून शिकायचंय. सांगलीतही असा एखादा म्हातारा मिस्त्री असणारच. अण्णा गाडी कुणाकडे न्यायचे ते काकूंना विचार. त्याला आत्ताच गाठ. गाडी त्याच्यासमोर चालली, बिघडली, उघडली गेली तरच त्याच्या हातातलं तुझ्या हातात येईल. कव्हरखालच्या गाडीजवळ कोण काय शिकणार?

म्हणूनच तुझ्या मेहुण्याचा सल्ला मला पटला नाही. पन्नास वर्षं पूर्ण झाली की व्हिंटेज नोंदणी करून 'व्हीए' नंबर घ्यायचा, हे ऐकायला छान वाटतं. पण 2021 च्या त्या नियमांप्रमाणे अशी गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच. त्यापेक्षा साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी वाढवत राहा. आरसी, म्हणजे नोंदणीचा कागद, अजून अण्णांच्या नावावर असेल तर आधी फॉर्म 31 भरून ती तुझ्या नावावर करून घे.

पत्र्याचं काम मात्र घाईनं करू नकोस. खाली आडवा होऊन फ्लोअर आणि दारांखालचा भाग स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघ. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडीच सगळा भार घेते, त्यामुळे तिथे पत्रा कुजला असेल तर कापून नवा वेल्ड करायला हवा. पुट्टी भरून वर चकचकीत रंग मारणारे पुष्कळ भेटतील, त्यांच्या नादी लागू नकोस. अण्णांचा तो फिकट निळा रंग जरा विटलेला चालेल मला.

मी संक्रांत झाली की येतो. तोवर इंजिनाला स्टार्टर मारू नकोस. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोड, दोन दिवस मुरू दे, मग प्लग न लावताच टॉप गिअरमध्ये टाकून गाडी हळूच पुढंमागं ढकल. इंजिन मोकळं फिरलं तर लगेच फोन कर. जाम असेल तरी कर, पण जोर लावू नकोस. येताना किट आणि नळ्या मी नाना पेठेतून घेऊन येईन. व्हील सिलिंडरचा साइज तेवढा एक उघडून मोजून कळव.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अन्या