दारू सोडताना घरच्यांनी काय सांभाळावे

महोदय,

इंदूरच्या मराठी वस्त्यांत श्रावण दोनदा येतो. शेजारच्या हिंदी भाषकांचा गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आणि आपला आषाढ अमावास्येनंतर. दोन्ही वेळा रोज पिणारे कितीतरी जण संकल्प करून बाटली बाजूला ठेवतात आणि घरच्यांना हायसे वाटते. संकल्प चांगलाच आहे. पण वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने ती एका दिवसात बंद केली तर जिवावर बेतू शकते, हे फार थोड्या घरांत ठाऊक असते.

आधी प्रमाणाबद्दल. ३० मिलीच्या एका पेगात सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो, तर १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली चाळीस ग्रॅमच्या आसपास जाते, म्हणजे चार पेग. ‘तो फक्त बिअर घेतो’ या वाक्यावर विसंबून राहू नये.

रोजच्या दारूने मेंदू दबतो, म्हणून तो स्वतःला जास्त चेतवून काम चालवायला शिकतो. दारू एकाएकी थांबली की दाब जातो, चेतवलेपण तसेच उरते. शेवटच्या पेगनंतर ६ ते १२ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळते. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भिंतीवर मुंग्या दिसतात, नसलेल्या माणसांशी बोलणे सुरू होते, ताप चढतो, नाडी पळते. ‘बाहेरचे’ समजून अंगारा लावण्यात घरचे ती रात्र घालवतात, आणि त्याच रात्री रुग्णालय गाठायला हवे असते. फिट आल्यास कुशीवर वळवावे, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये, १०८ ला फोन करावा.

सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागते, पूर्वी सोडताना फिट आली होती, यकृताचा आजार आहे किंवा घरात दुसरे कोणी नाही, अशांनी आधी डॉक्टर गाठावा आणि तोवर एकदम बंद करू नये. उपचारात झटके टाळणाऱ्या गोळ्या साधारण आठवडाभर हळूहळू कमी करत देतात. दुकानातून आपल्या मनाने आणलेल्या झोपेच्या गोळ्या दारूवर घेतल्या तर श्वास मंदावतो.

अशक्तपणासाठी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ग्लुकोजचे सलाइन लावून घेण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. अशा माणसाच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, बहुधा संपत आलेले असते. ते न देता नुसती साखर चढवली तर डोळे तिरळे होणे, तोल जाणे, गोंधळणे आणि पुढे कायमचे विस्मरण इथपर्यंत मजल जाऊ शकते. ‘आधी थायमिन दिले का?’ असे बेधडक विचारावे.

न सांगता भाजीत किंवा चहात दारू सोडवण्याची गोळी मिसळणे तर थांबलेच पाहिजे. त्यातले डायसल्फिराम माणसाला ठाऊक नसेल आणि तो प्यायला तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. बायकोचा नाइलाज आम्हाला कळतो, पण हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते.

शेवटचा मुद्दा मनाला सर्वांत जास्त लागणारा. हल्ली हळदीच्या रात्री ग्लास उघडपणे फिरतो, बायकाही घेतात, कोणी भुवई उंचावत नाही. तोच माणूस मांडीचे हाड मोडून भरती झाला की घरचे भूलतज्ज्ञाला ‘कधीतरी घेतात’ म्हणतात. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो नळ्या उपटू लागतो आणि सगळे भुलीच्या औषधाला दोष देतात. भरती करतानाच रोज किती, किती वर्षे, शेवटची कधी घेतली आणि पूर्वी फिट आली होती का, एवढे चार शब्द खरे सांगावेत. रुग्णासमोर बोलणे जमत नसेल तर नर्सला बाजूला घेऊन सांगावे. सल्ल्यासाठी १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो. श्रावणापूर्वी आपण तो ठळकपणे छापावा, ही विनंती.

— व्यसनमुक्तीच्या कामातील काही समुपदेशक, इंदूर