जुन्या चिठ्ठीवर बीजवाढीच्या गोळ्या नकोत

मा. संपादक,

स. न.

क्लोमिफेन आणि लेट्रोझोल या मूल राहावे म्हणून घ्यायच्या बीजवाढीच्या (स्त्रीबीज तयार करणाऱ्या) गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या असतात. पण जुनी चिठ्ठी, कधी तर नुसती रिकामी स्ट्रिप दाखवली तरी मेडिकलमध्ये त्या मिळतात आणि पाळी आली की घरच्या घरी पुढचा कोर्स सुरू होतो.

क्लोमिफेन साधारणपणे 50 मि.ग्रॅ., पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान सुरू करून पाच दिवस घेतात. दिवस राहिले नाहीत म्हणून मनानेच दोन-दोन गोळ्या घेण्यात अर्थ नाही. हे औषध इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा परिणाम अडवते. त्यामुळे बीज वाढते, पण काहींच्या गर्भाशयाचे अस्तर पातळ राहते. म्हणजे बीज फुटूनही गर्भ रुजायला अडचण. अंगातून वाफा येणे, डोके दुखणे, चिडचिड हे बहुधा कोर्सनंतर ओसरते. नजर धूसर झाली, डोळ्यांपुढे ठिपके किंवा चमका दिसल्या, तर मात्र गोळी त्याच दिवशी बंद करून डोळे तपासून घ्यावेत.

पीसीओएसमध्ये (संप्रेरके बिघडून बीज वेळेवर न फुटण्याचा विकार) आज पहिली पसंती लेट्रोझोलला आहे, 2.5 ते 7.5 मि.ग्रॅ. भारतात 2011मध्ये वंध्यत्वासाठी त्यावर बंदी आली होती, ती 2017मध्ये उठली. ते शरीरातून लवकर निघून जाते आणि अस्तराला तितकेसे बाधत नाही. पण गर्भ राहिलेला असताना ते पोटात जाता कामा नये. पाळी नेहमीपेक्षा कमी गेली असेल, तर आधी लघवीची तपासणी करावी.

पाळीच्या दहाव्या-बाराव्या दिवसापासूनची सोनोग्राफी खर्च वाचवायला टाळली जाते. बीजकोश (बीज असलेली पिशवी) 18-20 मि.मी.चा होतो आहे की एकदम तीन-चार वाढलेत, हे तिच्यावाचून कळत नाही. जास्त वाढले तर त्या महिन्यात संबंध टाळावेत. जुळ्या-तिळ्यांची जोखीम आईबाळांना भारी पडते. पोट फुगून दुखणे, लघवी कमी होणे, धाप लागणे हे गोळ्यांनी क्वचित, बीजवाढीच्या इंजेक्शनांनी अधिक होते. तसे झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

बीज फुटूनही सहा पाळ्यांत यश नसेल, तर त्याच गोळ्या ओढत राहू नयेत. नवऱ्याची वीर्यतपासणी तर पहिल्या गोळीच्या आधीच हवी. ती नेमकी सगळ्यात शेवटी होते!

डॉक्टरांनी चिठ्ठीवर तारीख आणि ‘फक्त या पाळीसाठी’ असे लिहावे, औषध दुकानदारांनी ते पाहूनच गोळ्या द्याव्यात आणि अन्न व औषध प्रशासनाने दुकानांच्या तपासणीत या दोन औषधांच्या विक्रीची नोंद जरूर पाहावी.

– एक स्त्रीरोगतज्ज्ञ, सातारा