आंबेनळीनं वेळासला

ती. आई आणि बाबा,
सा. न.

परवा फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं. आई, तू "बघू" म्हणालीस आणि फोन बाबांकडे दिलास. बाबा, तुम्ही "जायचंच असेल तर कुंभार्लीनं जा" एवढंच म्हणालात. म्हणून आज सगळं लिहून काढते. फोनवर मी एक सांगते, तुम्हाला दुसरंच ऐकू येतं आणि मग रात्रभर दोघंही जागता. कागदावर असलं की बाबा चष्मा लावून नकाशा घेऊन बसतील, आणि त्यांनी तसं बसावं अशीच माझी इच्छा आहे.

तर बेत असा. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, शिमग्याची गर्दी सुरू व्हायच्या आत, साताऱ्याहून मोटरसायकलनं वेळासला मामाकडे जायचं. मी आणि माझी ऑफिसातली मैत्रीण, दोघींच्या दोन गाड्या. पहिल्या दिवशी मेढा, केळघर, महाबळेश्वर, आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, मग महाड, माणगाव, म्हसळा आणि मुक्कामाला हरिहरेश्वर. सगळं मिळून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. दुसऱ्या दिवशी बागमांडल्याला फेरीबोटीत गाड्या घालायच्या, खाडी ओलांडून वेसवीला उतरायचं आणि बाणकोटवरून वेळास.

बाबा, कुंभार्लीचा रस्ता रुंद आहे हे खरं. पण तिथून उतरलं की चिपळूण. म्हणजे पुढे परशुराम घाट, खेड, कशेडी असं महामार्गानं पुन्हा उत्तरेकडे यावं लागणार आणि तेही ट्रक-कंटेनरच्या रांगेतून. मला घाटाच्या वळणापेक्षा मागून सुसाट येणाऱ्या ट्रकची धास्ती जास्त वाटते. वळण समोर दिसतं, हॉर्न देऊन, वेग कमी करून ते घेता येतं. मागचा माणूस झोपेत आहे की जागा, हे आपल्याला कळत नाही. आंबेनळीत सकाळच्या वेळी वाहनं कमी असतात, आणि पश्चिमेकडे उतरताना सूर्य पाठीशी असतो. परतीला तोच सूर्य डोळ्यांवर येईल, म्हणून येताना दहानंतरच घाट चढायला घेणार.

आई, तुझ्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. 2018 च्या जुलैत दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस याच घाटात दरीत गेली. तेव्हापासून तू आंबेनळीचं नाव काढू देत नाहीस. त्यानंतर 2021 च्या जुलैत दरडी कोसळून हा रस्ता जागोजागी तुटला होता, तेही तू टीव्हीवर पाहिलंस. तुझी भीती खोटी आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. पावसाळ्यात या घाटात मी पाऊल ठेवणार नाही, हा माझा शब्द. फेब्रुवारीत कडे कोरडे असतात, रस्ता कोरडा असतो. धुकं असलं तर महाबळेश्वरलाच चहा घेत बसू, ऊन चढून वळणं स्वच्छ दिसेपर्यंत निघणार नाही. आणि दिवेलागणीनंतर गाडी चालवायची नाही, हे आम्ही दोघींनी आधीच ठरवलंय.

बाबा, आता तुमच्याशी गाडीबद्दल बोलते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, आणि चाळीसेक किलोमीटरमध्ये जवळजवळ ती सगळी उंची उतरून आपण पोलादपूरला पोचतो. म्हणजे या प्रवासात चढण्यापेक्षा उतरण्याचीच परीक्षा मोठी. तुमची येझदी टू-स्ट्रोक होती. पेट्रोलमधूनच ऑइल जायचं, त्यामुळे उतारावर अ‍ॅक्सिलरेटर बंद ठेवला की इंजिन कोरडं पडायची भीती, म्हणून तुम्ही मधूनमधून रेस देत उतरायचात. माझी गाडी फोर-स्ट्रोक, तिचं ऑइल वेगळं फिरतं. तिला ज्या गिअरमध्ये घाट चढवला असता त्याच गिअरमध्ये उतरवायचं, क्लच दाबून ठेवायचा नाही, न्यूट्रल तर नाहीच नाही. इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं. ब्रेक वळणाच्या आधी मारायचा आणि सोडायचा. सतत दाबून ठेवला तर डिस्क तापते, आतलं ऑइल उकळतं आणि लिव्हर हाताला पोकळ लागतो. ब्रेक ऑइल मी यंदाच बदलून घेतलंय, मागचे पॅड नवे घातलेत, चेन साफ करून ताण बघून घेतलाय. सोबत क्लचची जादा केबल, पंक्चरचं सामान आणि हवेचा छोटा पंप असेल. अजून काही सुचलं तर सांगा. तुम्हाला सुचेलच.

तुम्ही आईला मागे बसवून याच रस्त्यानं वेळासला गेला होतात, ती गोष्ट मी लहानपणी इतक्यांदा ऐकलीय की वाडा-कुंभरोशीचा थांबा मला स्वतः पाहिल्यासारखा वाटतो. इंजिन निवेपर्यंत तुम्ही प्रतापगडाकडे बघत उभे आणि आई मांडीवरची पिशवी सोडायला तयार नाही, कारण पिशवीत माहेरच्यांसाठी कंदी पेढे. पुढे वेसवीच्या खाडीत होडीवर फळ्या टाकून चौघांनी येझदी चढवली, आणि आईनं पलीकडचा किनारा येईपर्यंत डोळे उघडले नाहीत. आता तिथे मोठी फेरीबोट आहे, चारचाकीसुद्धा जाते. दुचाकीवाल्यानं फक्त लोखंडी उतारावर जपायचं. तो ओला असतो, शेवाळलेला असतो. सरळ, हळू, पहिल्या गिअरमध्ये, पुढचा ब्रेक न दाबता आत जायचं आणि बोट पलीकडे लागेपर्यंत गाडी गिअरमध्येच उभी ठेवायची.

या वाटेवर माझा जीव का जडलाय, तेही सांगते. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचं पाणी एकाच गोमुखातून पडतं. कृष्णा तिथून पूर्वेकडे निघते आणि महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण, आंध्र पार करून चौदाशे किलोमीटरनं बंगालच्या उपसागराला मिळते. आपलं घर तिच्याच काठचं, संगम माहुलीला आजोबांची माती टाकली तीही तिच्याच पाण्यात. आणि सावित्री? ती पश्चिमेला कड्यावरून उडी घेते, पोलादपूर, महाड करत जेमतेम शंभर किलोमीटरमध्ये बाणकोटच्या खाडीतून समुद्रात जाते. म्हणजे आई, तुझ्या माहेरच्या दारात. तुम्हा दोघांची गावं एकाच देवळातून निघालेल्या दोन नद्यांवर आहेत, हे मला गेल्या वर्षी नकाशा बघताना पहिल्यांदा लक्षात आलं, आणि तेव्हापासून सावित्रीच्या सोबतीनं वरून खाली समुद्रापर्यंत जायचं माझ्या मनात आहे. गाडीतून काचा लावून नाही. घाटातली थंडी महाडच्या उन्हात कशी विरते, माणगावच्या पुढे हवेला खारट वास कुठे यायला लागतो, हे अंगावर घेत जायचंय.

महाडला सावित्रीच्या पुलावर थांबून हात जोडीन. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री इंग्रजांच्या काळातला जुना पूल पुरात गेला आणि दोन एसट्या वाहून गेल्या, त्या आठवड्यात आई तू जेवली नव्हतीस. नवा पूल पुढच्याच वर्षी जूनमध्ये सुरू झाला. महाडला आणखी तासभर चवदार तळ्यासाठी ठेवलाय. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी जिथलं पाणी ओंजळीत घेतलं, त्या तळ्याच्या पायऱ्यांवर बसल्याशिवाय त्या गावातून पुढे जाणं मला जमणार नाही.

वेळासला गेल्यावर पहाटे किनाऱ्यावर जाणार. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं साधारण त्याच सुमाराला घरट्यांतून बाहेर यायला लागतात. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी, पन्नासेक दिवस वाळूत, आणि मग तळहाताएवढीसुद्धा नसलेली ती पिल्लं लाटेकडे सरकत जातात. आई, तुझ्या लहानपणी ही अंडी लोक खायला न्यायचे असं तू सांगायचीस. आज त्याच गावातली माणसं घरट्यांना कुंपण घालून राखण करतात, पाहुण्यांना घरात ठेवून घेतात. मामीच्या शेजारीही अशीच राहायची सोय आहे म्हणे.

आता खरं काम. आई, गुडघे दुखायला लागल्यापासून तू माहेरी गेलेली नाहीस. एसटीत पाय सोडून बसता येत नाही आणि "त्या घरात मला जमणार नाही" म्हणून तू विषय संपवतेस. मी या खेपेला नीट बघून येणार आहे. आगरातून चारचाकी अंगणापर्यंत जाते का, ओटीच्या पायऱ्या किती उंच आहेत, कठडा बसवता येईल का, परसातल्या संडासाला कमोडची खुर्ची लागेल का. पायऱ्यांची मापं घेण्यासाठी टेप सोबत नेतेय. मामाशी बोलणं झालंय, गवंडी गावातच आहे. हे जमलं तर पुढच्या थंडीत तुम्हा दोघांना मी चारचाकीनं नेईन, तेव्हा बाबा म्हणतील त्या घाटानं.

फोन चार वेळा करीन: महाबळेश्वर, पोलादपूर, माणगाव आणि हरिहरेश्वर. घाटात मधे रेंज जाते, तेव्हा पोलादपूरचा फोन यायला वेळ लागला तर घाबरू नका. दुपारी बारापर्यंत वाट बघा. मैत्रिणीचा नंबर दादाकडे देऊन ठेवते. हरिहरेश्वरची खडकावरची प्रदक्षिणा ओहोटी बघूनच करू, हेही आई तुला आधीच सांगून ठेवते, म्हणजे विचारायला नको.

बाबा, टायरची हवा मोजायची तुमची पितळी नळी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत असेल, ती तेवढी काढून ठेवा. आई, मामीला काय काय न्यायचं त्याची यादी कर, पेढे मी मोती चौकातून घेईन. शुक्रवारी उजेड असतानाच साताऱ्याला पोचते. सामान तुमच्यासमोर अंगणातच बांधू, आणि एखादी दोरी तुम्हाला सैल वाटली तर बाबा, तुम्हीच ओढून बांधा.

तुमची,
लेक