चौकोनी तेजोवलय ही डागडुजी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत रोममधल्या सांता प्रासेदे चर्चच्या मोझेकचं (रंगीत काचतुकड्यांच्या भित्तिचित्राचं) अर्धं पान भरून छायाचित्र पाहिलं आणि हरखून गेलो. मग खालची ओळ वाचली : 'हाती चर्च घेतलेले संत, डोक्यामागची चौकट नंतरच्या डागडुजीतली असावी.' ते संत म्हणून तिथं उभे नाहीत आणि चौकटही नंतरची नाही. ते पोप पास्कल पहिले (कारकीर्द 817 ते 824). चर्च त्यांनीच बांधवून घेतलं, म्हणून त्याची छोटी प्रतिकृती हातात. बाकीच्यांना गोल तेजोवलय आणि यांना चौकोनी, कारण काचेचे तुकडे बसवले जात होते तेव्हा हा माणूस हयात होता. गोल वलय स्वर्गात पोचलेल्यांचं. त्याच चर्चमधल्या संत झेनोंच्या चॅपलमध्ये (छोट्या प्रार्थनागृहात) पोपच्या आईलाही, थिओडोरांनाही, असाच चौकोन आहे.

लेखातल्या दुसऱ्या विधानाचं मात्र वाईट वाटलं. 'सगळे चेहरे सारखे, कारण कारागिरांना व्यक्तिचित्रण जमत नव्हतं.' इटलीतल्याच राव्हेन्ना गावी सान व्हिताले चर्चमध्ये (547) सम्राट जस्टिनियनशेजारी बिशप मॅक्सिमियन उभा आहे. टक्कल, ओढलेला चेहरा, रोखलेली नजर. रस्त्यात भेटला तरी ओळखू येईल. त्याच गावात पुढच्या काही वर्षांत सांत अपोलिनारे नुओव्होच्या भिंतीवर 26 हुतात्मे (धर्मासाठी प्राण दिलेले संत) आणि 22 कुमारिकांची रांग बसवली गेली, तीही हातात मुकुट घेतलेली, जवळजवळ एकाच चेहऱ्याची. न जमल्यामुळे नव्हे, मुद्दाम. स्वर्गात पोचल्यावर नाकडोळे कशाला हवेत? ओळख खुणेवरून पटते. ॲग्नेसच्या पायाशी कोकरू, कारण लॅटिनमध्ये कोकराला 'आग्नुस' म्हणतात. लॉरेन्सचा अंगरखा सोनेरी. सगळ्यांत पुढे जांभळ्या झग्यातले मार्टिन, जे हुतात्मे नव्हतेच. पण एरियन या पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती पंथाकडून काढून घेतलेलं ते चर्च 561 च्या सुमारास त्यांच्या नावे करण्यात आलं, मग अग्रमान त्यांचा. शिवाय डोक्यावर नावं लिहिलेली आहेतच.

खुणाही कधी चकवतात, हे मान्य. राव्हेन्नातच, रोमन सम्राज्ञी गाला प्लासिदियाच्या नावाच्या समाधिगृहात धगधगत्या लोखंडी जाळीकडे धावणारा संत लॉरेन्स असं आपण म्हणतो, पण काही अभ्यासक त्याला विन्सेंट मानतात. तापल्या जाळीवर भाजण्याचा छळ दोघांच्याही वाट्याला आला होता.

आमच्या वसईत माझी आजी अक्षरओळख नसताना चर्चमधला प्रत्येक पुतळा ओळखायची. किल्ल्या दिसल्या की पीटर, अंगात बाण रुतलेले की सेबास्टियन. चेहऱ्याकडे तिनं कधी पाहिलं असेल असं वाटत नाही.

खुलासा छापाल तेव्हा छायाचित्रही पूर्ण छापा, ही विनंती. डावीकडची कड कापल्यामुळे पोपच्या वरचं खजुरीचं झाड गेलं, आणि त्यावर बसलेला, राखेतून पुन्हा उठणारा फिनिक्सही. त्या पक्ष्यालाही तेजोवलय आहे. गोल!

आपला,
एक वाचक, वसई