झाकलेल्या जागचे चट्टे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यातल्या नायट्यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. ओले कपडे, घाम, दुसऱ्याचा टॉवेल, सगळं पटलं. पण मीही सहा वर्षं माझ्या चट्ट्यांना नायटाच म्हणत होतो, म्हणून हे पत्र.

मी लालबाग-परळ भागात पोस्टमन होतो. उन्हाने हात-तोंड रापलं, पण तिथं कधी डाग उठला नाही. चट्टे आले ते कमरेखाली, कुल्ल्यांवर, मांडीच्या आतल्या बाजूला. खाकी कपड्यांनी कायम झाकलेल्या जागी. काही तपकिरी-लालसर, बारीक कोंडा सुटणारे, काही फिकट. चिमटीत धरलं की वरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी चुरगळायची. खाज बेताचीच. मी पायरी चढायच्या आत कोपऱ्यावरचा केमिस्ट ट्यूब काढून ठेवायचा. लावली की चट्टा विरायचा, सोडली की पुन्हा त्याच जागी हजर. ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे हे त्याने सांगितलं नाही, आणि जन्मभर लोकांचे पत्ते वाचणाऱ्या मी ती बारीक अक्षरं वाचली नाहीत.

फिकट डाग बघून बायकोच्या मनात कोड आलं, शेजाऱ्यांच्या मनात कुष्ठ. डॉक्टरांनी कापूस टेकवून बघितला, जाणीव शाबूत होती. पहिल्या बायोप्सीत, म्हणजे कातडीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीत, नुसता एक्झिमा (इसब) निघाला. मग एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी ट्यूब महिनाभर बंद करायला लावली आणि दोन ठिकाणचे मसुराएवढे तुकडे काढले. रिपोर्ट आला: मायकोसिस फंगॉइडिस. नाव बुरशीचं, आजार मात्र कातडीत साठणाऱ्या टी-पेशींचा (या पांढऱ्या रक्तपेशींचाच एक प्रकार), म्हणजे लिम्फोमा, एक प्रकारचा कॅन्सर. 1806 मध्ये अलिबेर या फ्रेंच डॉक्टरने रोग्याच्या अंगावर अळंब्यांसारख्या गाठी बघितल्या, त्यावरून ते नाव चिकटलं. मुलगा म्हणाला, “मग फंगसच ना बाबा!” सुनेने माझा टॉवेल वेगळा वाळत घातला होता. हा एकापासून दुसऱ्याला लागत नाही हे ऐकल्यावर तो पुन्हा सगळ्यांच्या दोरीवर आला.

माझ्या अंगावर गाठी नाहीत, चट्टेच आहेत. या टप्प्यावर बहुतेकांचं आयुष्य काही कमी होत नाही, असं बाई म्हणाल्या. आठवड्यातून तीनदा काळा चष्मा लावून, उघड्या अंगाने, कपाटासारख्या यंत्रात अतिनील दिव्यांमध्ये उभा राहतो. उन्हातान्हात तीस वर्षं हिंडलो आणि आता सेकंद मोजून प्रकाश घेतोय.

पुढच्या लेखात एवढी ओळ टाका: चट्टा वर्षानुवर्षं त्याच झाकल्या जागी परत येत असेल, तर पुढची ट्यूब घेण्याआधी त्वचेच्या डॉक्टरला सगळं अंग दाखवा. मी लाजेपोटी पहिल्या दोघा डॉक्टरांना फक्त कंबर दाखवली होती.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन, परळ, मुंबई