तक्रार : सूचनांचं पान आणि सोमवारची लिफ्ट

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख

विषय : सोसायटी ॲपमधल्या नकोशा सूचना वेगळ्या बंद करता येत नाहीत. चौथी तक्रार.

पंधरा मिनिटांपूर्वी तुमच्या ग्राहक सेवेचा फोन ठेवला. आधीच्या तिन्ही तक्रारी मला न विचारता ‘निराकरण झाले’ म्हणून बंद केल्यात, म्हणून आता लेखी देते आहे.

ठाण्यातली आमची सोसायटी 148 फ्लॅटची. गेटवरचे पाहुणे, मेंटेनन्सचं बिल, कमिटीच्या नोटिसा, सगळं तुमच्या ॲपवर. त्यात एखाद्या विषयाखाली नुसतं “हो, चालेल” लिहिलं तरी पुढे तिथे जो कोणी काही लिहील, त्याची सूचना आपल्याला येत राहते. मार्चमध्ये पार्किंगच्या विषयात मी एक ओळ लिहिली. तो वाद अजून मिटलेला नाही. गेल्या सोमवारी सकाळी फोनवर 61 सूचना होत्या. 58 पार्किंगच्या, दोन तुमच्या मॉड्युलर किचनच्या जाहिराती आणि एक : ‘बी विंगची लिफ्ट दुरुस्तीसाठी 10 ते 4 बंद’. ती माझ्या नजरेतून सुटली.

माझ्या आईचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. सोमवारी 11 ची वेळ. नोटीस दिसली असती तर साडेनऊलाच तिला खाली नेलं असतं. शेवटी वॉचमन आणि समोरच्या फ्लॅटमधला मुलगा, दोघांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून सहा मजले उतरवलं. दर वळणावर खुर्ची टेकवायची, पुन्हा उचलायची. फिस्टुलाचा हात, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचतात तो, कठड्याला लागू नये म्हणून आईने तो दुसऱ्या हाताने छातीशी धरून ठेवला होता.

हे सगळं मी आज तुमच्या माणसाला सांगितलं. विचारलं, “पार्किंग बंद करायचंय, लिफ्टच्या नोटिसा चालू ठेवायच्यात. कुठे करू?” तो म्हणाला, “मॅडम, फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन नोटिफिकेशन ऑफ करा.” म्हटलं, त्याने लिफ्टचं, पाण्याचंही बंद होईल. “हो मॅडम, सगळंच बंद होईल.” “मग लिफ्ट बंद आहे हे मला कळणार कसं?” सात मिनिटं होल्डवर. परत आला आणि म्हणाला, “सिनियरना विचारलं मॅडम. तुम्ही रोज सकाळी ॲप उघडून बघत जा.” आणि लगेच, “आज आणखी काही मदत हवी आहे का?” आणखी? आधी कुठली मदत केलीत? त्या मुलावर माझा राग नाही. समोर लिहून दिलेलं तो वाचतो. ते लिहून देणाऱ्यांवर आहे.

तुमच्या सूचनांच्या पानावर एकच बटण आहे : सगळं चालू, नाहीतर सगळं बंद. एकच विषय सोडायचा तर त्या विषयात शिरून कोपऱ्यातले तीन ठिपके शोधायचे. कोणकोणते विषय माझ्या गळ्यात पडलेत याची यादी कुठेही नाही. मी एका रात्री जागून 43 विषय बंद केले. पंधरा दिवसांनी ॲप अपडेट झालं आणि सगळे पुन्हा चालू. तुमच्या मेलच्या तळाशी मेल बंद करायची जी लिंक आहे ती ओटीपी मागते आणि मुखपृष्ठावर आणून सोडते.

हे करता येत नाही असं सांगू नका. अँड्रॉइड 8 आलं 2017 मध्ये. तेव्हापासून ॲपला सूचनांचे वेगवेगळे चॅनल, म्हणजे एकेक वेगळा चालू-बंद करता येणारे गट, ठेवता येतात. तुमचा एकच आहे, ‘जनरल’. मी सेटिंग उघडून पाहिलंय. जीमेलने 2024 मध्ये मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये बाहेर पडण्याची सोय देणं सक्तीचं केलं.

मला हवं आहे ते पान असं : मी ज्यांना जोडले गेले आहे ते सगळे विषय एकाखाली एक, शेवटचं उत्तर कधी आलं त्या क्रमाने. प्रत्येकासमोर लगेच, दिवसातून एकदा किंवा बंद, एवढे तीन पर्याय. जुने विषय एकदम निवडून काढता यावेत. कमिटीच्या तातडीच्या नोटिसा या सगळ्यापासून वेगळ्या, आणि जाहिराती त्यात अजिबात नकोत. आणि एकदा बंद केलेलं बंदच राहिलं पाहिजे. 43 विषय, एक अख्खी रात्र, हे मी विसरलेले नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ॲप-वेबसाइटवर ग्राहकाला फसवणाऱ्या रचनांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या 13 प्रकारांत ग्राहकाच्या सतत मागे लागणं हाही एक आहे. तुमच्या जाहिराती मी त्यात धरते आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तशी तक्रार नोंदवणार आहे. 30 सप्टेंबरच्या आत आमची वार्षिक सर्वसाधारण सभा होईल. दोन वर्षांपूर्वी हे ॲप घ्या असं कमिटीला मीच सांगितलं होतं, शेजारच्या सोसायटीलाही सुचवलं होतं. याचं मला फार वाईट वाटतं. या सभेत करार वाढवू नये असा ठराव मीच मांडणार आहे.

सात दिवसांत लेखी उत्तर द्या. फोन करू नका.

बी विंग, सहावा मजला