यजमानांना समोर बसवून बोलणाऱ्या डॉक्टरबाईंना

आदरणीय डॉक्टरबाई,
सादर नमस्कार.

आमच्या मुलाचा बाळदमा आटोक्यात आणल्याबद्दल आपले आभार मानायचेच आहेत, परंतु हे पत्र चारचौघांसमोर लिहिण्याचे कारण निराळे आहे. घरातल्या सिगारेटविषयी जे सांगायचे, ते आपण मला न सांगता, जे ओढतात त्या माझ्या यजमानांना बोलावून घेऊन सांगितलेत. आजवर नातेवाईक असोत की शेजारी, प्रत्येकाने "त्यांना जरा समजवा हो" एवढे म्हणून ते काम माझ्याच पदरात टाकले होते. आणि बायकोने समजावले की त्याची कटकट होते, हे आमच्या रामबागेतल्या कोणत्याही घरात वेगळे सांगावे लागणार नाही.

"किती ओढता?" असे विचारले असते, तर यजमानांनी आकडा कमी करून सांगितला असता. आपण विचारलेत, "कुठे ओढता?" गॅलरीत, आणि गाडीत काच खाली करून, असे उत्तर आल्यावर आपण रागावला नाहीत. गॅलरीतला धूर दारा-खिडक्यांतून आत येतो, चालत्या गाडीत काच उघडी असली तरी तो मागच्या सीटपर्यंत पोहोचतो आणि एसी आतलीच हवा फिरवत असेल तर तिथेच घुटमळत राहतो. मुलांची श्वासनलिका अरुंद आणि श्वासाचा वेग मोठ्यांपेक्षा जास्त, त्यामुळे वजनाच्या मानाने त्यांच्या छातीत तो अधिक जातो, हे आपण शांतपणे उलगडून सांगितलेत. कानाचे वारंवार होणारे दुखणे आणि दम्याचे झटके यांच्याशी या धुराचा संबंध आहे, आणि सिगारेट विझल्यानंतरही निकोटिनचा थर सीटच्या कापडावर व शर्टावर राहतो, हे त्यांनी प्रथमच ऐकले. धुळ्याला माझ्या माहेरी जाताना गाडीत तासन्‌तास बसावे लागते. त्या प्रवासाचा विचार त्यांच्या मनात तेव्हाच आला असावा.

माझे धाकटे दीर "ही नुसती वाफ आहे" म्हणून व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढत. त्या वाफेत निकोटिन आणि अतिसूक्ष्म कण असतात, आणि व्हेपमध्ये भरायचा द्रव लहान मुलाच्या पोटात गेला तर विषबाधा होते, हे आपण त्यांच्यासाठी एका चिठ्ठीवर लिहून दिलेत. 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटची निर्मिती, आयात, विक्री आणि साठवण आपल्या देशात बंद आहे, ही ओळही त्यात होती. मच्छर अगरबत्तीच्या धुराबद्दलही आपण बोललात, त्यावर सासूबाई थोड्या नाराज झाल्या. ती नाराजी अजून पुरती गेलेली नाही, हे प्रामाणिकपणे कळवते.

आपल्या बोलण्याचे मोल मला अधिक वाटते, कारण कायदा आमच्या उंबरठ्यापाशी थांबतो. 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला देशभर बंदी आहे, पण घर आणि खासगी गाडी तिच्या कक्षेत येत नाहीत. इंग्लंडमध्ये 1 ऑक्टोबर 2015 पासून अठरा वर्षांखालील मूल गाडीत असताना सिगारेट ओढणे गुन्हा आहे. आपल्याकडे 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत 38.7 टक्के प्रौढांनी घरात दुसऱ्याच्या धुराचा त्रास होत असल्याचे नोंदवले होते. त्या घरांतली मुले कोणी विचारात घ्यायची? 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या आणि ओला-सुका कचरा कटाक्षाने वेगळा करणाऱ्या आपल्या इंदूरने घरातल्या हवेकडेही तेवढेच लक्ष द्यावे, असे मला फार वाटते.

सिगारेट सुटेल तेव्हा सुटेल, पण घर आणि गाडी आजपासून वर्ज्य, ही आपली अट यजमानांनी पाळली आहे. ते आता गल्लीच्या टोकाशी जाऊन ओढतात आणि शर्ट बदलून, हात धुऊनच मुलाला उचलून घेतात. तलफ काही मिनिटांत ओसरते, हे आपले वाक्य ते स्वतःलाच ऐकवत असतात. सिगारेटच्या पाकिटावर छापलेल्या 1800-11-2356 या मदत क्रमांकावर त्यांनी स्वतःहून फोन केला. त्यासाठी मला एक शब्दही बोलावा लागला नाही.

एक विनंती आहे. यंदा गणेशोत्सवात आमच्या मंडळात आपण अर्धा तास याच विषयावर बोलावे. नेहमी अशा व्याख्यानांना आम्ही बायकाच बसतो. या वेळी निमंत्रणे वडिलांच्या, काकांच्या आणि आजोबांच्या नावाने काढू. आपल्या सोयीची संध्याकाळ कळवावी.

आपली नम्र,
एक आई, इंदूर